पाकिटातले उत्तर

परीक्षकबाईंनी स्टीलची पट्टी पाकिटाच्या कडेखाली सरकवली आणि ते एका झटक्यात फाडले. आतला कागद त्यांच्याच अक्षरातला होता. तो त्यांनी अर्जाच्या दाव्यांशेजारी ठेवला, एक बोट इकडे, एक बोट तिकडे, आणि ओळीमागून ओळ जुळवत त्या खाली आल्या. शेवटच्या ओळीवर दोन्ही बोटे थांबली.

दोन्हीकडे लिहिले होते, 'एक-तृतीयांश'.

पेटंट कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर बाईंना सगळे मागून 'गाळणी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते, आणि वाईट वाटण्याऐवजी त्यांना ते बरेच वाटे. संगणकाच्या प्रोग्रॅमवर पेटंट मागणाऱ्यांचे अर्ज त्यांच्याकडे येत. प्रत्येक अर्जापाशी एकच प्रश्न: ज्या दिवशी हा अर्ज दाखल झाला, त्या दिवशी या विषयातल्या साधारण जाणकाराला हे सहज सुचले असते का? सुचले असते, तर त्यात शोध कसला? अर्ज नामंजूर.

प्रश्न दिसायला सरळ आहे. खोच अशी की उत्तर एकदा वाचले की कुणालाही वाटते, यात काय एवढे, हे तर मलाही सुचले असते. बाईंना काम शिकवणाऱ्या जुन्या साहेबांनी त्यावर एक तोडगा काढला होता आणि बाई तो बावीस वर्षे नेमाने पाळत आल्या होत्या. अर्जातली फक्त अडचण सांगणारी पाने वाचायची, दावे, म्हणजे अर्जदाराचा उपाय सांगणारी पाने, झाकून ठेवायचे. कोऱ्या कागदावर आपले स्वतःचे उत्तर लिहायचे, कोपऱ्यात सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ टाकायची, कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवायचे. मगच दावे उघडायचे. पाकिटातले उत्तर दाव्यांशी जुळले, तर गोष्ट सहज सुचण्यासारखी आहे याचा याहून चांगला पुरावा कुठला? बावीस वर्षांत अकरा वेळा जुळले होते. अकराही अर्ज नामंजूर झाले होते, आणि अपिलात एकही निर्णय फिरला नव्हता.

नव्याने भरती झालेल्यांना शिकवताना बाई पाणीमीटरवाल्याची गोष्ट हमखास सांगत. घरातली गळती ओळखणारा प्रोग्रॅम घेऊन आलेला जाड भिंगांच्या चष्म्याचा एक माणूस. सुनावणीत तो दीड तास बोलला. शेवटी बाईंनी त्याला विचारले, "मला हे किती वेळात सुचलं, माहीत आहे? पाच मिनिटांत." माणूस गप्पच झाला. त्याने आपले कागद गोळा केले आणि दारातून मागे वळून नमस्कार केला. गोष्ट इथे आली की नवी मंडळी हसत, आणि बाईही हसत.

आजच्या कागदाच्या कोपऱ्यात ११.१० ते ११.१४ अशी वेळ होती. चार मिनिटे, म्हणजे पाणीमीटरवाल्यापेक्षाही एक मिनिट कमी. एरवी बाई खूश झाल्या असत्या, पण त्या 'एक-तृतीयांश'ने घोळ केला होता.

अर्ज कुण्या पेटंट एजंटने लिहून दिलेला होता. 'उपयोगकर्त्याने विवक्षित कृती न करताच दिलेली पोचपावती' अशी त्याची सुरुवात. एजंट लोकांची भाषाच अशी, की त्यांनी केलेले खुर्चीचे वर्णन वाचून माणसाने उभेच राहावे. साध्या शब्दांत सांगायचे तर काम न करताच 'झाले'चे बटण दाबून मोकळी होणारी माणसे, ही अडचण. उपाय असा, की प्रोग्रॅम प्रत्येक माणसाला त्या कामाला एरवी किती वेळ लागतो हे टिपून ठेवतो. एखाद्या दिवशी त्याने त्याच्या स्वतःच्या वेळेच्या एक-तृतीयांशाहूनही लवकर बटण दाबले, तर प्रोग्रॅम त्या वेळी काही बोलत नाही, मुकाट्याने ऐकून घेतो. दहा मिनिटांनी मात्र तो एक वेगळाच प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर काम खरोखर केलेल्यालाच देता येईल.

हे सगळे बाईंनी पाकिटात लिहिले होते. मुकाट्याने ऐकून घेणेसुद्धा.

कल्पना दोघांना सुचू शकते. आकडा सुचत नाही. निम्मा का नाही, पाव का नाही? एकच आकडा दोन ठिकाणी दिसला की कुठेतरी तिसरी जागा असणार, जिथून तो दोघांकडे गेला. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. कुठेतरी पाणी मुरत होते.

पहिला संशय शेजारच्या टेबलावर गेला. तिथल्या सहकाऱ्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद होई. फाईल बाईंकडे येण्याआधी दोन दिवस त्याच्या टेबलावर पडून होती.

"त्या पोचपावतीच्या अर्जातले दावे तुम्ही वाचले होते ना?" बाईंनी चहाच्या वेळी खडा टाकून पाहिला.

"कुठला पोचपावतीचा?"

"तोच. एक-तृतीयांशवाला."

"मी फाईल उघडलीसुद्धा नाही. का हो?"

"माझ्यासमोर कधी बोलून गेलात का त्याबद्दल?"

रेडिओने कप खाली ठेवला. "मी बोलतो पुष्कळ, पण फाईलीतलं बाहेर बोलत नाही. एवढं तर ओळखायला हवं होतं तुम्ही." त्यानंतर चार दिवस रेडिओ बंद होता.

मग संशय अर्जदाराकडे वळला, आणि तिथे तो चांगला रुजला. अर्जदार एकटा माणूस. पाठीशी कंपनी नाही, की विद्यापीठ नाही. पूर्वी एका शीतगृहात यंत्रांवर देखरेख करायचा, मग नोकरी सुटली, मग घरी बसून प्रोग्रॅम शिकला. असा माणूस असा आकडा काढतो कुठून? बाईंनी मनाशी पक्के केले, की हा आकडा कुठल्यातरी जुन्या निबंधात छापून आलेला आहे. आपणही तो कधीतरी वाचला आणि विसरलो. या पठ्ठ्याने मात्र तो उचलला.

तीन आठवडे त्या तो निबंध शोधत होत्या. दुसऱ्या देशांतली पेटंटे, परिषदांची बाडे, बंद पडलेली मासिके, सगळे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. हाती दोन कागद लागले. एकात गजर पुन्हा पुन्हा वाजवणारे घड्याळ होते. दुसऱ्यात परीक्षेत प्रश्न न वाचताच उत्तरावर खूण करणारी मुले ओळखणारा प्रोग्रॅम होता. एक-तृतीयांश कुठेच नव्हते. तरी दोन कागद शेजारी ठेवले की निर्णय उभा राहत होता: याला ते जोडा, झाले. बाईंनी नामंजुरीचा मसुदा लिहून ठेवला आणि सुनावणीची तारीख लावली. सुनावणी म्हणजे अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची शेवटची संधी.

सुनावणीच्या सकाळी त्या घाईत होत्या. वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, गळ्यात स्टॉपवॉच घालून. तीस वर्षे शाळेत खेळ शिकवले त्यांनी, आणि निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी ते घड्याळ काही गळ्यातून उतरले नव्हते. दूध तापायला किती वेळ लागतो, लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली किती वेळात येते, सगळे मोजून झाले होते. समोर पाण्याचा पेला आणि गोळ्यांचा डबा होता. डबा भावाने आणून दिला होता. भाऊ लांब राहत असे, म्हणून वस्तू आणून देत असे.

"आज परत हरलो बघ मी," वडील म्हणाले.

"हं."

"सत्तावीस सेकंद. मला वाटलं सुटलो."

"हं." बाई पिशवीत मसुदा शोधत होत्या.

"काय म्हणालो मी?"

"औषध घेतलं म्हणालात."

वडिलांनी घड्याळाचे बटण दाबून काटा शून्यावर आणला. "असं नव्हतो म्हणालो. जा तू, उशीर होईल."

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या होत्या, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्याची मागची बाजू दिसे. अर्जदार एकटाच आला होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, इस्त्री केलेला शर्ट, वरचे बटणही लावलेले. बसायला सांगितल्यावरच तो बसला. बाईंना हे जास्तच साधेपणाचे वाटले. फार साधी माणसे त्यांना आवडत नसत.

त्यांनी दोन्ही कागद त्याच्यासमोर सरकवले. त्याने ते सावकाश वाचले. एक पान उलटून परत मागे आला.

"घड्याळ तर नुसतं वाजत राहतं," तो म्हणाला. "आणि हा परीक्षेचा प्रोग्रॅम सगळ्या मुलांची सरासरी काढतो. माझ्यात माणसाची तुलना फक्त त्याच्या स्वतःशी आहे. काही माणसं हातानं चपळच असतात, मॅडम. त्यांना खोटं ठरवून कसं चालेल?"

"दोन्ही वाचलेल्या माणसाला एवढा बदल सुचला नसता, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"वाचणारे पुष्कळ होते. आमच्या शीतगृहवाल्यांनी शेवटी कॅमेरे लावले."

"तुम्हाला बरं सुचलं मग."

ती टोचणी त्याला कळली. त्याने हात टेबलावर ठेवले. "मला सुचायचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे दर तासाला प्रत्येक खोलीचं तापमान बघून खूण करायची असायची. एका दुपारी नऊ नंबरच्या खोलीपुढे मी न बघता खूण केली. लसींची अख्खी खोली वाया गेली. मीच केली होती ती खूण. न बघता खूण करायला किती वेळ लागतो, हे मला आतून माहीत आहे. कॅमेरा लावणाऱ्याला ते माहीत नसतं."

बाईंनी टिपणात एक ओळ लिहिली. अशा गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. बहुतेक खऱ्या असत, आणि खऱ्या असल्या तरी त्यामुळे शोध अवघड ठरत नाही. त्यांनी पेन ठेवले आणि ठेवणीतले वाक्य काढले.

"हे बघा. माझा असल्या खुणांच्या कामाशी काही संबंध नाही. तुमचे दावे न वाचता, फक्त अडचण वाचून, मी माझं उत्तर लिहिलं. तुमच्यासारखंच आलं. चार मिनिटांत."

पाणीमीटरवाला इथे गप्प झाला होता. हाही झाला. पण तो कागद गोळा करायला लागला नाही.

"एक-तृतीयांशसुद्धा?" त्याने विचारले.

 "हो."

"मला त्याला सात महिने लागले. आधी निम्मा ठेवला होता, तर निम्मी चांगली माणसं सापडायची. पाव ठेवला, तर कोणीच सापडेना. शीतगृहातल्या जुन्या सोबत्यांना हातापाया पडून बसवलं मी, खुणा करायला." त्याने मान खाली घातली. आवाज चढला नव्हता. "रागावू नका मॅडम. पण माझ्या प्रोग्रॅमनं तुमचं उत्तर मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं, आणि दहा मिनिटांनी तुम्हाला परत विचारलं असतं."

 हा आपल्याला खोटे म्हणतो आहे का? बाईंचे कान तापले. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. तिथे भीती होती, दुसरे काही नव्हते.

"हे पेटंट कशासाठी हवंय तुम्हाला?"

"एक लहानसा कारखाना माझा प्रोग्रॅम वापरतो. पेटंट नाही मिळालं तर मोठी कंपनी तसाच बनवणार आहे, तसं त्यांनी कारखान्याला सांगितलंय. पण ते एक झालं." तो थांबला. "सतरा वर्षं नोकरी केली. कागदावर माझ्या नावापुढे एकच गोष्ट आहे, ती खूण. दुसरं काहीतरी असावं, असं वाटतं."

"कसला कारखाना?" बाईंनी विचारले, कारण काहीतरी विचारायला हवे होते.

"गोळ्यांचे डबे बनवतात. म्हाताऱ्या माणसांसाठी. गोळी न घेताच बटण दाबतात ना लोक. गेल्या वर्षीपासून बाजारात आलाय. पिवळ्या झाकणाचा."

बाईंनी टिपणाकडे पाहिले. शेवटची ओळ अर्धी राहिली होती. ती त्यांनी पुरी केली नाही. "निर्णय कळवू," एवढेच त्या म्हणाल्या आणि उठल्या, आणि आपण त्याच्या आधी उठलो हे त्यांना मागाहून जाणवले.

दुपारीच त्या घरी गेल्या. बावीस वर्षांत आजारपणाखेरीज असे कधी झाले नव्हते. वडील वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. डबा टेबलावर होता आणि झाकण पिवळे होते. नऊ महिने तो रोज तिथे होता.

"बाबा, हा डबा तुम्हाला हरवतो म्हणजे काय करतो?"

वडिलांनी चष्म्यावरून पाहिले. आपण ऐकले ते खरे का, याची त्यांना खात्री नव्हती. "आता विचारतेस होय? अगं, डोळ्यात धूळ फेकता येते का बघत होतो मी याच्या. मला गोळी काढून, पाणी पिऊन, बटण दाबायला दीड मिनिट लागतं. आधीच दाबलं तर काय करतो बघू म्हटलं. चाळीस सेकंदांत दाबलं, गप्प. पस्तीस, गप्प. तिसाच्या आत आलं की हा त्या वेळी काही बोलत नाही, मुकाट्यानं ऐकून घेतो. आणि दहा मिनिटांनी विचारतो, खणात किती उरल्या?" ते खुशीत आले होते. "म्हणजे तिसरा हिस्सा. हिशोब लावून काढलंय मी. तुला तेव्हाच सांगितलं होतं. चांगलं तीन-चारदा सांगितलं."

"मी काय म्हणाले?"

"तू हं म्हणालीस."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. लाज वाटली, आणि ती नेमकी कुणापुढे वाटते आहे हे ठरवता येईना. डबा आला नऊ महिन्यांपूर्वी; अर्ज होता तीन वर्षांपूर्वीचा. त्या ज्या तिसऱ्या जागेचा शोध घेत होत्या, ती त्यांच्या स्वयंपाकघरात होती, आणि तिथे तो आकडा त्याच अर्जदाराकडून आला होता. चार मिनिटांत त्यांना काही सुचले नव्हते. त्याचेच उत्तर त्यांनी त्याच्यावर पुरावा म्हणून ठेवले होते.

"तुझं काही बिघडलं का?" वडिलांनी विचारले.

"नाही. थोडं चुकलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुदा फाडला. सगळ्यांच्या आधी येऊन, पहिल्या ओळीपासून, त्या दोन कागदांवर पुन्हा विचार केला, आणि या वेळी पाकीट नव्हते. घड्याळ आणि परीक्षा शेजारी ठेवूनही मधले अंतर भरत नव्हते. ते आपण भरत होतो. सव्वादोनला त्यांनी लिहिले, की दाखल झाल्या दिवशी ही गोष्ट साधारण जाणकाराला सहज सुचण्यासारखी नव्हती. खाली सही केली. चार मिनिटांचे पाकीट त्यांनी फाईलीतच ठेवले, आणि ते का ग्राह्य नाही, ते कुठून आले, हे दोन वाक्यांत वर लिहिले. फाईल वरच्या साहेबांकडे जाणार होती. जाऊ दे.

जाता जाता त्या रेडिओच्या टेबलापाशी थांबल्या.

"त्या दिवशी मी उगाच बोलले तुम्हाला."

"झालं गेलं," तो म्हणाला, आणि लगेच त्याच्या भाचीच्या लग्नाचे सुरू केले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले. तो मधेच थांबून त्यांच्याकडे पाहू लागला, की आज यांना झाले काय.

जागेवर परतल्यावर त्यांनी सगळ्यात खालचा कप्पा उघडला. त्यात अकरा पाकिटे रबरबँड लावून ठेवली होती. रबर जुने झाले होते, हात लावताच तुटले. ही पाकिटे त्यांनी कधी परत वाचली नव्हती; जुळलेली उत्तरे वाचायची कशाला? आज त्या उत्तरे वाचत नव्हत्या. फक्त कोपऱ्यातली वेळ पाहत होत्या. एक तास दहा मिनिटे. पन्नास मिनिटे. दोन तास, त्यात मधे जेवणाची सुट्टी. ही पाकिटे त्यांनी एकावर एक रचली. सातव्या पाकिटाशी हात थांबला.

३.२० ते ३.२५. हे पाणीमीटरवाल्याचे होते.

खाली तारीख होती, चौदा वर्षांपूर्वीची. घरात कुणीच पाणी वापरत नसेल अशी वेळ मीटर स्वतः शोधतो, आणि तेव्हाही काटा हलला तर दिवा लागतो. पाच मिनिटांत. ही गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली होती, ते मोजता आले नसते. बाईंनी फोन उचलला आणि घरचा नंबर लावला.

"बाबा, आपल्या इमारतीत ते दिव्याचे पाणीमीटर कधी बसले हो? चौदा वर्षांच्या आधी, की नंतर?"

"का गं? काय झालं?"

"सांगा ना. कोणत्या वर्षी?"

"थांब जरा," वडील म्हणाले. "घाईत सांगायला नको. आठवून सांगतो."

"सांगा सावकाश," बाई म्हणाल्या. "मी थांबते." त्यांनी पाकीट टेबलावर उताणे ठेवले आणि फोन कानाला घट्ट लावला.